होय, माटेच बोलतोय

३ मार्च २०२५, सोमवार

आलो बुवा एकदाचा! चऱ्होली, बी विंग, तळमजला, एक हॉल आणि स्वयंपाकघर. भोसरीच्या खोलीतलं सगळं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं, वर जागा उरली. वॉचमन खुर्चीतून उठलासुद्धा नाही. भरलेला सिलिंडर मी एकट्यानं खांद्यावर टाकून आणला आणि त्याच्याकडे बघून मुद्दाम शीळ घातली.

फाटकावर पाटी आहे : ‘एजंट, विक्रेते व वर्गणी मागणारे यांना सक्त मनाई.’ ती वाचून मला हसूच फुटलं. या पाटीसाठी तर जागा भाड्यानं घेतली! आत शंभरावर फ्लॅट आहेत. मुलं हिंजवडीला नाहीतर परदेशात आणि फ्लॅटमध्ये नुसते निवृत्त आईबाप. एजंटाला आत सोडत नाहीत म्हणून मी आतच राहायला आलो. आता मला कोण अडवतो ते बघतो.

चाकणच्या कंपनीत अकरा वर्षं काढली. आजारपणाची एकही रजा घेतली नाही. जानेवारीत कंत्राट संपलं तेव्हा साहेबानं मान वर करून बघितलं नाही. मग विमा एजंटची परीक्षा दिली, पास झालो. ज्येष्ठांचा आरोग्य विमा विकणार. शिफ्ट नाही, साहेब नाही. ही डायरी शाखेतून फुकट मिळाली. रोजची भेट रोज लिहायची, असा मॅनेजरचा हुकूम आहे.

आम्रपाली ५ एप्रिलला येणार. सांगवीला तिच्या आईचा हात मोडलाय, प्लास्टर निघेपर्यंत ती तिथंच. लग्नाला सहा वर्षं झाली, पण फक्त आमच्या दोघांचं असं घर हे पहिलंच. तू येशील तेव्हा धंदा उभा असेल, असं मी तिला छातीठोकपणे सांगितलंय.

६ मार्च, गुरुवार

म्हातारी माणसं इतकी खडूस असू शकतात हे मला माहीत नव्हतं. सकाळी बागेतल्या बाकांवर दहा-बाराजण बसतात. मी नमस्कार केला की गप्पा बंद. एकानं माझ्यासमोर पेपर उघडून धरला, तोही आदल्या दिवशीचा. मी वाटलेली कार्डं वॉचमननं कचऱ्याच्या डब्यातून काढून माझ्या दारात आणून ठेवली. म्हणाला, तुमचाच कचरा आहे, तुम्हीच टाका.

फक्त भिंतीपलीकडच्या सुभद्राबाई बोलल्या. ही सोसायटी त्यांच्या शेतावर उभी आहे. त्या अजून मागं पत्र्याच्या घरात राहतात, दोन म्हशी आहेत. दूध घालताना म्हणाल्या, ही मानसं आमचंबी दूध घेत न्हाईत, पिशवीतलं पित्यात, मग तुला कुठनं विचारतील?

ठीक आहे. राग गिळायला मी कंपनीत शिकलोय.

८ मार्च, शनिवार

मासा गळाला लागला! चौथ्या मजल्यावरच्या माटेबाईंनी, पद्मजाबाईंनी, स्वतः बोलावलं. नवरा सदाशिव माटे, वय एकाहत्तर, निवृत्त इंजिनिअर. मुलगा परदेशात, फोनही करत नाही.

माट्यांनी आधी माझं आडनाव विचारलं. ओव्हाळ म्हटल्यावर गाव विचारलं, मग आडनाव पुन्हा विचारलं, जाताना तिसऱ्यांदा. मला हे चांगलं ओळखीचं आहे. मग त्यांनी विचारलं, तुमच्या त्या एजंटच्या परीक्षेतही सवलत असते का? कानशिलं तापली माझी. पण पहिलं गिऱ्हाईक होतं. सगळ्यांना सारखेच मार्क लागतात काका, म्हणालो आणि हसलो. त्या हसण्याची मला आत्ता लाज वाटते आहे.

दुखण्यांची यादी मोठी आहे. अठरा वर्षांचा मधुमेह, दोन्ही गुडघे गेलेले, काठीशिवाय उभं राहता येत नाही, डावा कान ठार बहिरा, सात वर्षांपूर्वी बायपास. खरं लिहिलं तर कुठलीही कंपनी दारात उभं करणार नाही. माटे म्हणाले, तो तुमचा प्रश्न.

११ मार्च, मंगळवार

फॉर्म भरला. ‘आधीपासूनचे आजार’ या रकान्यात सगळीकडे ‘नाही’. लाइनीतले सगळे असंच करतात, माझ्या बॅचच्या पोरांनी सांगितलंय. मोबाइल नंबर माझा टाकला. माटे म्हणाले, मला ते ओटीपी वगैरे जमत नाही, ऐकूही येत नाही, तुमचाच घाला, जे बोलायचं ते तुम्हीच बोला.

पद्मजाबाईंनी चहा दिला आणि समोर बसून माझी उंची विचारली. वजन विचारलं. दात सगळे स्वतःचे का, घराण्यात कुणाला हृदयाचं काही आहे का, बायको किती वर्षांची. पॉलिसी नक्की कुणाची काढतोय, असा विनोद मी केला. दोघंही हसले नाहीत. माटे माझ्या पायांकडे बघत होते.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी अकरा चाळीसला कंपनीचा फोन. ज्येष्ठांची तपासणी आता फोनवरच होते, डॉक्टरबाई प्रश्न विचारतात, सगळं रेकॉर्ड होतं. मी पार्किंगमध्ये माझी स्कूटर पुसत होतो.

विचारलं, सदाशिव माटे बोलताय का? होय, माटेच बोलतोय, मी म्हणालो. वय? एकाहत्तर. मधुमेह? नाही. गुडघेदुखी? नाही. कधी काही ऑपरेशन? नाही हो. आवाज फार तरुण वाटतो, असं बाई म्हणाल्या. रोज प्राणायाम करतो, म्हणालो. त्याही हसल्या.

पाच मिनिटांत काम फत्ते. आम्रपालीला हे सांगितलं नाही. ती शाळेत मास्तरीण आहे, तिला खोटं खपत नाही.

१५ मार्च, शनिवार

पॉलिसी आली! पहिली! आम्रपाली फोनवर नुसती किंचाळली. म्हणाली, पेढे ठेव, आल्यावर सगळ्या शेजाऱ्यांना वाटू. मी कागद घेऊन वर गेलो. माट्यांनी तो दारातच घेतला, आभार नाही, पाणी नाही. पण ते काठीशिवाय उभे होते.

दिवसभर तहान लागते आहे. मार्चमध्येच एवढं ऊन.

१७ मार्च, सोमवार

सुभद्राबाईंचा फॉर्म भरला. त्यांनी सगळी दुखणी ओरडून सांगितली, मोतीबिंदू, कंबर, पित्त. मी म्हटलं मावशी, एवढं लिहिलं तर घेणार नाहीत. म्हणाल्या, न घेऊंदे. डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा मी बोलायला लागलो, तर त्यांनी फोन हिसकावला. म्हणाल्या, माजं नाव हाय, मीच सांगनार, तू कशाला माज्या जागी बोलतूस? अर्ज नामंजूर झाला. म्हातारी हट्टी आहे, माझी मेहनत वाया घालवली.

घरी येताना चार पायऱ्यांवर गुडघा लचकला. सिलिंडरमुळे असेल.

१९ मार्च, बुधवार

पुन्हा कंपनीचा फोन, पुन्हा अकरा चाळीसला. रेकॉर्डिंग अर्धवट झालंय म्हणे. पुन्हा नाव, पुन्हा वय. मग जन्मगाव विचारलं. ते फॉर्मवर नाही. मी वाई म्हणून मोकळा झालो. शाळा? घाटाजवळची, कौलारू. मास्तर कोण? त्यांचंही नाव सांगितलं.

फोन ठेवला आणि बसूनच राहिलो. मी वाई आयुष्यात बघितलेली नाही. वर जाऊन माट्यांना विचारलं, तर तेच गाव, तीच शाळा, तेच मास्तर. मी कधी सांगितलं होतं का तुम्हाला, असं विचारलं. माटे म्हणाले, नाही. आणि जिन्यानं, दोन-दोन पायऱ्या सोडून, खाली गेले.

२२ मार्च, शनिवार

भोसरीला रक्त तपासलं. साखर तीनशे बारा. डॉक्टरनं डोळ्यांच्या आतला पडदा बघितला आणि मला रागावला. इतकी वर्षं गोळ्या घेत नाही म्हणजे काय, हा पडदा पंधरा-वीस वर्षांच्या मधुमेहाचा आहे. मी माझं वय सांगितलं, चौतीस. त्यानं पुन्हा केसपेपरकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, आधारकार्ड आणलंय का?

डाव्या कानात कापूस घातल्यासारखं वाटतं. आम्रपाली काय म्हणाली ते फोनवर दोनदा विचारावं लागलं.

२४ मार्च, सोमवार

आता स्पष्टच लिहितो, मग मला वेड लागलंय असं कुणी म्हणो. मी फोनवर बोललो ते खरं होतंय. माट्यांना काही नाही म्हणालो, माट्यांना काही राहिलं नाही. मी माटे आहे म्हणालो, आणि त्यांचं सगळं माझ्याकडे येतंय.

माटे सकाळी बॅडमिंटन खेळत होते. बाकांवरचे सगळे टाळ्या वाजवत होते. मी मधे जाऊन ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही, शिव्या होत्या. खेळ थांबला नाही. माटे फूल मारता मारता म्हणाले, मी कुठं काय केलं, ओव्हाळ? मी सही केली. बोललात तुम्ही. बाकावरचा एकजण म्हणाला, फाटकावर पाटी लावलीय ना, वाचता येत नाही का?

त्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मी त्या माणसाचा पेपर ओढून फाडला. तो नीट फाटलासुद्धा नाही.

२६ मार्च, बुधवार

मार्ग आहे. परीक्षेत हा प्रश्नच होता : पॉलिसी पसंत नसेल तर तीस दिवसांत परत करता येते. आज बारावा दिवस. पॉलिसी रद्द, रेकॉर्डिंग रद्द, मग हे सगळंही रद्द व्हायला हवं. आम्रपाली यायला दहा दिवस आहेत. तिला यातलं काही कळायला नको.

हेल्पलाइनला फोन केला. मी एजंट समाधान ओव्हाळ म्हणालो. मुलगी गोड आवाजात म्हणाली, रद्द फक्त पॉलिसीधारक करू शकतो, त्यांना फोन द्या. वर गेलो. लिफ्ट बंद होती, चार मजले चढलो, प्रत्येक मजल्यावर बसलो. पद्मजाबाईंनी साखळी लावूनच दार उघडलं. म्हणाल्या, आम्हाला पॉलिसी पसंत आहे. आणि दार लावलं.

२७ मार्च, गुरुवार

दुसरा इलाज नव्हता. पुन्हा फोन केला. म्हणालो, सदाशिव माटे बोलतोय, मला पॉलिसी नको.

आईचं नाव विचारलं. इंदिरा, म्हणालो. ताबडतोब. फॉर्म समोर नव्हता.

विनंती नोंदवली आहे, खात्रीसाठी आमचा फोन येईल, म्हणाली.

फोन ठेवला आणि छातीत आवळून आलं. शर्ट काढला. गळ्याखालून पोटापर्यंत टाक्यांचा वण आहे. ताजा नाही. वर्षानुवर्षांचा, पांढरट पडलेला.

मी मूर्ख आहे. सुटायला गेलो आणि तेच वाक्य पुन्हा बोललो.

३० मार्च, रविवार

पाडवा. सगळ्या गॅलऱ्यांत गुढ्या. खाली मुलं धावत होती, त्यातलं एक मला धडकलं आणि त्याची आई म्हणाली, आजोबांना सॉरी म्हण.

माटे स्कूटरला किक मारत होते. माझ्या गाडीला. किल्ली त्यांच्याकडे कशी? बाजूनं त्यांचा चेहरा बघितला. लग्नातल्या फोटोत माझा चेहरा असाच आहे.

सुभद्राबाईंकडे गेलो. दारातून त्यांनी विचारलं, कोन पायजे आजोबा? मी समाधान, म्हणायचं होतं. शब्द आलाच नाही. मग त्या जवळ आल्या, डोळे बारीक करून खूप वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आरं देवा. तू बोललास व्हय त्याच्या जागी?

पाणी दिलं. माझा हात धरून बसल्या. म्हणाल्या, आता फोन उचलू नगंस.

१ एप्रिल, मंगळवार

फोन बंद ठेवलाय. विसरायच्या आत लिहून ठेवतो.

मी समाधान ओव्हाळ. वडील साहेबराव, पिंपरीच्या कंपनीत फिटर होते. आई कस्तुरा. बायको आम्रपाली. तिला कारलं आवडतं. झोपेत ती दात खाते.

मी समाधान ओव्हाळ. वय चौतीस.

२ एप्रिल, बुधवार

वडील साहेबराव. आई — कालच्या पानावर आहे. वाचलं. वाचून कुणा परक्या बाईचं नाव वाचल्यासारखं वाटलं. मी रडलो. आईचा चेहरा आठवतोय तो वाईचा, नऊवारीतला, इंदिरा — नाही. ती माझी नाही!

आम्रपालीला सांगायलाच हवं. फोन चालू केला.

तिनं उचलला. माझ्या तोंडून निघालं, माटे बोलतोय. मी दाबून धरलं तोंड. ती घाबरली, समाधानचा फोन तुमच्याकडे कसा, म्हणाली. मग स्वतःच हसली. म्हणाली, अच्छा, तुम्ही माटेकाका का? त्याची पहिली पॉलिसी तुमचीच ना? हा आत्ताच बोलला माझ्याशी, नवीन नंबर घेतलाय, म्हणाला जुना फोन कुणा आजोबांकडे विसरलोय.

आत्ताच बोलला.

३ एप्रिल, गुरुवार

दार वाजलं. पद्मजाबाई, वॉचमन आणि बाकांवरचे दोघं. वॉचमन सेक्रेटरीला फोनवर सांगत होता, माटेसाहेब पुन्हा भाडेकरूच्या खोलीत शिरलेत, वय झालंय, भ्रम होतो.

मी पलंग धरला. बोटं सोडवली एकेक करून. कुणी जोरही लावला नाही. जोर लागलाच नाही.

फोन पद्मजाबाईंनी घेतला. डायरी पायजम्यात —

४ एप्रिल

चौथा मजला. दाराला बाहेरून कडी. ही बाई मला अहो म्हणते. गोळ्या मोजून देते. मी थुंकलो तिच्यावर. तिनं पदरानं पुसलं आणि म्हणाली, सवय होईल.

मी विचारलं, आणि तुझा नवरा तुला सोडून खाली माझ्या बायकोबरोबर राहणार, त्याचं काय? तिनं गोळ्यांची डबी बंद केली. मग म्हणाली, त्यांना बायकोही तरुणच हवी होती.

आम्रपाली उद्या. तिला हाक मारायची. नावानं. गॅलरीतून. आम्रपाली आम्रपाली आम्रपाली आम्रपाली

५ एप्रिल

टेम्पो आला. ती उतरली. पिवळी साडी. मी हाक मारली — खोकलाच निघाला नुसता.

तो धावत गेला. तिची बॅग घेतली. टेम्पोच्या नोंदीसाठी वॉचमननं नाव विचारलं. समाधान ओव्हाळ, तो म्हणाला. मोठ्यानं. न अडखळता. मला तीनदा विचारलं होतं या माट्यानं आडनाव! तीनदा! आता घेतलं, शर्ट घालावा तसं —

तिनं त्याच्या दंडाला हात लावला. हसली.

तिला कळत कसं नाही —

५, दुपारी

दोघं आलेत. पेढे घेऊन. हॉलमध्ये. पद्मजा चहा टाकते. तो दाराशी उभा, माझ्याकडे बघतो. बघू दे. ती माझ्याजवळ बसली आहे. खुर्ची ओढून. तिचा साबणाचा वास —

विचारतेय, काय लिहिताय आजोबा?

वही पुढं केली. वाच. वाच गं. तिनं पान बघितलं, चार ओळी, आणि तिचे डोळे भरले. पद्मजाकडे वळून हळू म्हणाली, बिचारे, माझं नाव कुठनं ऐकलं असेल यांनी? वही परत माझ्या मांडीवर. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जोरात, बहिऱ्याशी बोलतात तसं, म्हणाली, घाबरू नका आजोबा, आमच्या समाधाननं काढलाय ना तुमचा विमा, मग कसली काळजी?

फोन वाजतोय. जुना, माझा. तिनंच उचलला. कंपनीचा आहे, म्हणते. खात्रीचा. माझ्या कानाशी धरलाय. उजव्या. सांगा आजोबा, म्हणते, फक्त नाव सांगा.

ती इतकी जवळ आहे. नाव सांगितलं तर तिला ऐकू येईल. माझं खरं नाव. एकदा. तोंड उघडतोय. आम्रपाली, ऐक, मी